तिसऱ्या रांगेतला श्वास

प्रिय बारक्या,

बारक्या म्हणावं असं तुझ्यात आता काय बारीक उरलंय ते तुझ्या बायकोलाच ठाऊक, पण माझ्या तोंडात तुझं दुसरं नाव बसत नाही. सगळ्यात आधी हे पान उलटून बघ. बघितलंस? हो, तुझंच संमतिपत्र आहे. चार पानं, एका बाजूला छापलेली, दुसरी बाजू कोरी करकरीत. एवढा चांगला जाड कागद वाया घालवणं माझ्या जिवावर आलं, म्हणून त्याच्याच पाठीवर हे पत्र लिहितेय. चौथ्या पानावर पेन्सिलीने फुली मारून तू ‘ताई, इथे सही’ असं लिहिलंयस. तिथे मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. शुक्रवारी तुझ्या ऑफिसातला माणूस कागद न्यायला आला की हेच पाकीट त्याच्या हातात ठेवीन. बाबांच्या एकुलत्या एका सीडीवर तुझा आणि माझा सारखाच हक्क आहे, आणि मी नाही म्हटलं की नाही.

गेल्या मंगळवारी मी तुझ्या ऑफिसातून अर्धा चहा टाकून तरातरा निघून आले, त्याबद्दल तुझ्या बायकोचे दोन फोन येऊन गेले. तिला सांग, माझं डोकं आता शांत आहे. खोटं आहे ते, पण सांग. अरे, बारा माणसं बोलावलीस, मला मधल्या खुर्चीवर नेऊन बसवलंस आणि बाबांच्या सीडीची ‘नवी, स्वच्छ आवृत्ती’ लावलीस. पहिला तुकडा संपला तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी आता डोळे पुसणार. माझ्या हातात तू छापून घेतलेला जाहिरातीचा कागद होता. त्यावर ठळक अक्षरांत होतं, ‘वादकाच्या श्वासासारखे अनावश्यक आवाज काळजीपूर्वक काढून टाकले आहेत.’ अनावश्यक! बाबांचा श्वास अनावश्यक! मी उठले आणि म्हणाले, हे भिकार आहे. शब्द चुकला असेल, मत चुकलं नव्हतं. त्यावर तू सगळ्यांसमोर, अगदी साखर घोळलेल्या आवाजात विचारलंस की ताई, खरं सांग, तुला तरी आता तो श्वास ऐकू येतो का. तुझा तो दाढीवाला इंजिनिअर मान खाली घालून हसला. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा स्पष्ट येतो, आणि पर्स उचलली.

घरी येऊन आधी काय केलं असेल? तू दिलेली नमुन्याची सीडी माझ्या जुन्या प्लेयरमध्ये घातली. दिवा लागला नाही. पुन्हा घातली, पुसून घातली, तरी नाही. दिवा म्हणजे कुठला ते तुला कळलं असेल, पण दाढीवाल्याला कळणार नाही, म्हणून पुढचा भाग त्याला मोठ्याने वाचून दाखव.

सीडीवर आवाज असतो तो आकड्यांच्या रूपात. एका सेकंदाचे चव्वेचाळीस हजार एकशे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला सोळा खण. खणात एक तरी असतो नाहीतर शून्य. मोठ्या आवाजाला सगळे खण कामाला लागतात. आवाज बारीक होत गेला की सगळा भार शेवटच्या दोन-चार खणांवर येतो आणि तिथे तो खरखरीत होतो, त्याच्या कडा झिजतात. बाबांचा श्वास राहायचा तो नेमका तिथे. म्हणून मी रेकॉर्डिंग करायचे त्या स्टुडिओत ते नवं कोडिंगचं यंत्र आलं, तेव्हा मी बाबांची सीडी त्यातूनच काढायची असा हट्ट धरला. ते यंत्र सोळा खणांत न मावणारं मोठं रेकॉर्डिंग घ्यायचं, त्यातले सगळ्यात मोठे आवाज किंचित दाबायचं, सगळ्यात बारीक आवाज किंचित उचलायचं, आणि कुठे किती दाबलं, कुठे किती उचललं याच्या खुणा सोळाव्या खणात लपवून ठेवायचं. जाड गादी लहान पेटीत कोंबावी आणि ती कशी उलगडायची याची चिठ्ठी पेटीतच टाकावी, तसं. साध्या प्लेयरला ती चिठ्ठी वाचता येत नाही. त्यावर सीडी वाजते, पण दाबलेली वाजते. ज्यात डिकोडर असतो तो प्लेयर चिठ्ठी वाचतो, मोठं पुन्हा मोठं करतो, बारीक पुन्हा बारीक करतो, आणि त्याच्या तोंडावर एक छोटा दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे चिठ्ठी पोचली.

आता दाढीवाल्याने काय केलं ते सांगते, कारण मी त्याचे आकडे माझ्या कॉम्प्युटरवर ओळीने तपासलेत. त्याने बाबांची सीडी साध्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. चिठ्ठी त्याला दिसलीच नाही. त्यामुळे मी मुद्दाम उचलून ठेवलेला श्वास त्याला उचललेलाच ऐकू आला, नको इतका मोठा. त्याला वाटलं, जुन्या काळचं रेकॉर्डिंग, त्यात हा फुसफुस आवाज, काढा. काढला. मग वरून सगळ्याचा आवाज जरासा वाढवला. आणि आवाज केसभर जरी वाढवला तरी सगळे आकडे नव्याने लिहिले जातात, सोळाव्या खणातली चिठ्ठी पुसली जाते. वर तुझ्या संमतिपत्राच्या तिसऱ्या पानावर म्हटलंय की यापुढे हीच अधिकृत आवृत्ती आणि जुनी सगळीकडून काढून घ्यायची. वा रे वा! म्हणजे उद्या लोकांच्या फोनवर वाजेल तो बिनश्वासाचा बाप. मूळ टेप स्टुडिओ बंद पडला तेव्हाच कचऱ्यात गेली, त्यामुळे ही सीडीच आता मूळ.

दाढीवाल्याला मी एक वेळ माफ करीन. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पण तुला माहीत नव्हतं असं तू मला सांगूच नकोस. पहिल्या खेपेचे पाचशे नग आठव. सीडी छापणाऱ्या कारखान्यातल्या माणसाला आपण पाठवलेल्या मूळ प्रतीचा आवाज कमी वाटला, त्याने न विचारता जरासा वाढवला, आणि पाचशेच्या पाचशे सीडींत एकही दिवा लागेना. खोकी तोवर दुकानांत गेली होती. तेव्हा तू तिशीतला, विक्रीचं काम तुझ्याकडे. तूच प्रत्येक दुकानदाराची मनधरणी करत ती खोकी परत आणलीस आणि स्टुडिओच्या बोळात त्यांच्यावर फतकल मारून बसलास. कोणाच्या बापाला कळणार आहे, असं तू करवादून म्हणालास. बाबा तिथेच उभे होते, ते म्हणाले, बापाला कळेल. पुन्हा सगळा घाट घातला. दुसऱ्या खेपेची पहिली सीडी प्लेयरमध्ये घातली, दिवा लागला, आणि सगळ्यात मोठी शिट्टी मारली ती तू. आता सांग, विसरलास?

फरक कोणाला कळतो, हा तुझा लाडका प्रश्न मला माहीत आहे. तू लगेच मला तो दिवस काढून दाखवशील, म्हणून मीच काढते. यंत्र नवं असताना मी तुला नि बाबांना समोर बसवून तासभर ऐकवलं, हातवारे करून सांगितलं की बघा, जागा कशी मोकळी झाली, तार कशी वेगळी सुटली, आणि मग तू वाकून पाहिलंस तर डिकोडरचं बटण बंदच होतं. बाबा एवढे हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली आणि तू पाणी आणायला धावलास. मान्य. त्या दिवशी माझी पार शोभा झाली. पण त्यातून तू जे शिकलास ते मी शिकले नाही. तू शिकलास की फरक नसतोच. मी शिकले की माझ्या कानांवरही डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, दिवा बघायचा. आणि शंभरातल्या नव्याण्णवांना फरक कळत नसेल, तर नसू दे! मी नव्याण्णवांसाठी ती सीडी काढली नव्हती.

कोणासाठी काढली होती ते सांगते. तुला आपलं जुनं घर आठवतं ना, दोन खोल्यांचं, मधल्या दाराला कडी नसलेलं? आई हॉस्पिटलात रात्रपाळीची नर्स, त्यामुळे दुपारी ती आतल्या खोलीत झोपलेली असायची. बाबांना रियाज करायला वेळ मिळायचा तो नेमका तेव्हाच. म्हणून ते व्हायोलिनच्या तारांखालच्या घोडीवर रबराचा चिमटा लावून स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून वाजवायचे. चिमट्यामुळे व्हायोलिन इतकं दबायचं की दाराच्या अलीकडे आपल्याला सुरांपेक्षा त्यांचा श्वासच जास्त ऐकू यायचा. प्रत्येक ओळीच्या आधी नाकातून एक लांब ओढलेला श्वास, आणि मग सूर. आपण दोघं लोखंडी कॉटवर पालथे पडून तो खेळ खेळायचो. श्वास ऐकू आला की बोट वर करायचं, सूर यायच्या आत. जो उशीर करेल त्याने संध्याकाळची भांडी पुसायची. त्या खेळात मी तुझ्याशी एकदाही हरले नाही, हे मी पंचावन्न वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. तुझ्या बायकोला सांगितलंय, तुझ्या लेकीला सांगितलंय, स्टुडिओत नोकरीला लागताना मालकांनाही सांगितलं होतं.

बाबा तीस वर्षं वाद्यवृंदात तिसऱ्या रांगेत बसले. किती रेकॉर्डिंग्जवर त्यांचं व्हायोलिन आहे, आणि एकाही वेष्टनावर नाव नाही. ते जाऊ दे, त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. त्यांना डाचायचं ते वेगळंच. पहिल्याच वर्षी रेकॉर्डिंग करणारा काचेमागून माइकवर ओरडला होता की तिसऱ्या रांगेत कोण तो भात्यासारखा श्वास घेतोय, त्याला बंद करा. चाळीस माणसं हसली. त्या दिवसापासून बाबा ओळीच्या आधी तोंड उघडून, आवाज न करता, चोरून श्वास घ्यायला लागले. तीस वर्षं, बारक्या! पुढे त्यांना दम्याचा त्रास सुरू झाला तेव्हासुद्धा. घरी आले की आधी खिडकीत उभे राहून पाच-दहा मोठे श्वास घ्यायचे, आणि आपल्याला वाटायचं की दमून आलेत. ते का, हे मला मी स्वतः काचेमागे बसायला लागले तेव्हा कळलं.

सीडीच्या दिवशी तू गावोगाव दुकानं हिंडत होतास, म्हणून तुला हे माहीत नाही. स्टुडिओला सुटी होती. मी बाबांना खोलीच्या मधोमध साध्या लाकडी खुर्चीवर बसवलं, एकच माइक, तोही जवळ. त्यांनी व्हायोलिन खांद्याला लावलं, मग खाली घेतलं आणि काचेकडे बघून विचारलं, श्वास चालेल ना गं? पासष्ट वर्षांचा माणूस, आपला बाप, मला परवानगी मागत होता. मी बटण दाबून म्हटलं, चालेल काय, धावेल. तुम्ही फक्त घ्या. मग त्यांनी घेतला, नाकातून, लांब, स्वयंपाकघरात घ्यायचे तस्सा. मला पुढचा सगळा तुकडा दिसलाच नाही, समोरच्या मीटरच्या सुया धूसर झाल्या होत्या. त्या सीडीत बावन्न मिनिटं व्हायोलिन आहे आणि एकशे चौदा श्वास. मी मोजलेत. ते अनावश्यक नाहीत. तू छापलेला तो शब्द वाचून मला काचेमागचा तोच माणूस पुन्हा ओरडलेला ऐकू आला, आणि या वेळी तो आपल्या घरातला निघाला. म्हणून मी ‘भिकार’ म्हणाले, आणि पुन्हा विचारलंस तर पुन्हा म्हणेन.

आता तू म्हणशील, ताईचं नेहमीचं, सगळ्याला ‘नाही’. तर ‘हो’ कशाला म्हणेन ते लिहिते. जुन्या सीडीतली चिठ्ठी अजून शाबूत आहे, परवाच खात्री केली, दिवा ठणठणीत लागतो. ती डिकोडरमधून उलगडून घेऊन चोवीस खणांत नव्याने काढायची. आज सोळाचं बंधन नाही, तेव्हा ना काही दाबायला लागणार, ना उचलायला, ना चिठ्ठी लपवायला. मोठं तिथे मोठं राहील आणि श्वास तिथे श्वास. माझ्या घरी, माझ्या टेबलावर, तीन आठवड्यांत होईल. दाढीवाल्याला पाठव, त्याला शिकू दे, वाटलं तर मीच त्याला चहा करून देईन. जाहिरातीचा कागद मात्र फाडायचा आणि नव्यावर लिहायचं, ‘सर्व श्वासांसह’. असं असेल तर नवीन संमतिपत्र पाठव, डोळे मिटून सही करते. तसं नसेल तर कोर्टात भेट. मी वकील गाठलेला नाही, पण गाठायला मला एक दुपार पुरे.

चौथं पान संपत आलं आणि खरं कारण अजून लिहिलेलं नाही. मंगळवारी मी खोटं बोलले. नमुन्याच्या सीडीनंतर मी जुनी लावली, दिवा लागला, हेडफोन चढवले, व्हायोलिन आलं, झकास आलं. श्वास आला नाही. संध्याकाळपर्यंत बसले, आवाज वाढवत गेले. पडद्यावर श्वासाची रेघ उठताना दिसत होती, एकशे चौदाच्या एकशे चौदा रेघा, आणि कानांत काही नाही. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. मी त्यांचा हात बघून बटण दाबत होते. त्यांनी तीन मिनिटांत ओळखलं आणि माझी खुर्ची उलटी फिरवली. मग निकाल लागला: वरचे बारीक आवाज गेलेत, दोन्ही कानांतून, आणि ते परत यायचे नाहीत. तेव्हा तू खरं बोललास, आणि तरीही चुकीचाच आहेस, कारण मला ऐकू येत नाही म्हणजे बाबांनी श्वास घेतला नाही असं होत नाही. काम मी करीन, पण कान तुझे लागतील. आणि ते माझ्यापेक्षा चांगले आहेत हे मला पंचावन्न वर्षं ठाऊक आहे, कारण त्या कॉटवर मी श्वास कधी ऐकलाच नाही रे, मी तुझ्या बोटाकडे बघत असायचे. तुझं हललं की माझं वर. इतकी भांडी तू उगाच पुसलीस. तर रविवारी दुपारी ये, एकटा ये, माझ्यासमोर बस, आणि बाबांनी श्वास घेतला की सूर यायच्या आत बोट वर कर. मी बघतेय.

तू फुली मारलेल्या जागेच्या बरोबर पाठीमागे, आपल्या मर्जीने सही करणारी,

तुझीच
ताई